हत्तीण फाटकाबाहेर

सोसायटीची नोटीस ड्रायव्हरबाईंना हत्तीणीच्या वायपरखाली खोचलेली सापडली. ‘आवारातील अवजड वाहन तातडीने हटवावे, अन्यथा’ इथपर्यंत त्यांनी वाचलं. पुढचं वाचायची गरज त्यांना वाटली नाही. काच नुकतीच धुऊन झाली होती, पुसायला कागद हवाच होता आणि नोटिशीचा कागद चांगला जाड होता. पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीतून सोसायटीचे सेक्रेटरी हे सगळं बघत उभे होते. बाईंनी मुद्दामच सावकाश, एकही कोपरा न सोडता काच पुसली.

हत्तीण म्हणजे चाकांवरचं घर. आत दोन अरुंद पलंग, दोन शेगड्यांचा ओटा, बशीएवढं बेसिन आणि कपाटापेक्षा लहान संडास. खाली पाण्याची टाकी, शेजारी मैल्याची, डब्यासारखी ओढून काढता येणारी टाकी. रंग करडा, चाल डुलत, आणि चढावर असा काही उसासा टाकायची की मागच्या गाड्या आपसूक अंतर ठेवायच्या. तिच्या दोन मालकिणी होत्या. एक या ड्रायव्हरबाई, ज्यांनी अर्धी हयात शाळेची बस चालवली आणि म्हणून बिल्डिंगीत हेच नाव पडलं. दुसऱ्या आक्का, त्यांच्या नवऱ्याची थोरली बहीण.

नवरा होता तोवर या नणंद-भावजयीचं विळ्याभोपळ्याचं सख्य. आक्का बसडेपोत मेकॅनिक होत्या, लग्न केलं नव्हतं, बोलायच्या कमी आणि बोलल्या तर टोचून. नवरा गेला तेव्हा बाईंना वाटलं, सुटला संबंध. पण वर्षभराने आक्का एका दुपारी दारात उभ्या राहिल्या आणि चप्पलही न काढता म्हणाल्या, “एक जुनी गाडी मिळतेय. इंजिन चांगलं आहे, बाकी सगळं भिकार. तू चालव, मी सांभाळते.” इतक्या वर्षांत त्या भावजयीशी एका दमात इतकं बोलल्या नव्हत्या. बाईंनी रिटायर झाल्यापासून स्टिअरिंगला हात लावला नव्हता. त्या लगेच हो म्हणाल्या. मग समुद्र झाला, डोंगर झाले, कुठल्याशा धरणाकाठी आठवडाभर मुक्काम झाला. भांडण रोज झालं. एकीने चालवायचं, दुसरीने गाडीखाली शिरायचं आणि संध्याकाळी दोघींनी एकमेकींच्या चुका काढायच्या.

साथ आली त्याच्या जरा आधी आक्का आपल्या घराच्या पायऱ्यांवरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि चालायला शिकवतात अशा एका शुश्रूषागृहात त्यांना ठेवलं. पंधरा दिवसांचं काम, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या पंधरा दिवसांतच सगळं बंद झालं. शुश्रूषागृहाने दरवाजे लावून घेतले, भेटायला कुणी यायचं नाही आणि बाहेर कुणी जायचं नाही.

उरला फोन. रोज सकाळी पहिला प्रश्न ठरलेला.

“चालू केलीस?”

“केली.”

“नुसती चालू केलीस की हलवलीस?”

“हलवू कुठे? आवार केवढं, ही केवढी.”

“हातभर पुढे, हातभर मागे. टायर एका जागी बसले की चपटे होतात. बॅटरी बघितलीस?”

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी बुरशीसारखी पूड चढली होती. ती गरम पाणी आणि सोड्याने कशी घासायची, पान्हा आधी कुठल्या बाजूला लावायचा, हे आक्कांनी पलंगावरून सांगितलं आणि बाईंनी बॉनेटमध्ये डोकं घालून केलं. हॉर्न वाजेना, तेव्हा वायर उंदराने कुरतडलेली निघाली. टाकीतल्या पाण्याला वास येऊ लागला, तेव्हा ती उपसून, खळखळून धुवावी लागली. आजवर बाईंनी गाडी फक्त चालवली होती. तिच्या पोटात काय काय असतं ते त्यांना आता कळू लागलं आणि कळलं तशी गाडीची काळजीही वाटू लागली, ही जास्त त्रासाची गोष्ट होती.

उन्हाने छपराचा सांधा तडकला. एका पावसात आक्कांच्या पलंगावर पाणी ठिबकलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी शिडी लावली, फोन स्पीकरवर टाकून एप्रनच्या खिशात ठेवला आणि वर चढल्या. वय साठीच्या पुढचं, गुडघे कुरकुरणारे. खाली सेक्रेटरी आले. तोंडावर दोन मास्क, एकावर एक.

“बाई, बाहेर पडायला बंदी आहे.”

“मी कुठे बाहेर पडले? वर चढलेय.”

खिशातून आवाज आला, “कोण आहे ते?”

“सोसायटीचे सेक्रेटरी.”

“त्यांना म्हणावं शिडी धरा. आणि तू सांध्यातलं जुनं सीलंट आधी पूर्ण खरवड. वरून थापलंस तर पुन्हा गळेल.”

सेक्रेटरींनी शिडी धरली नाही. पण बाई खाली उतरेपर्यंत ते तिथून हललेही नाहीत. वाईट माणूस नव्हता. साथीच्या पहिल्याच लाटेत त्यांचा धाकटा भाऊ गेला होता, तेव्हापासून ते जिन्याचे कठडे स्वतः पुसायचे आणि कुणी खोकलं की दार लावून घ्यायचे.

मुलाचा फोन यायचा तो परगावाहून. त्याला हत्तीणीत निराळाच रस होता.

“आई, अशा गाड्यांना सध्या उड्या पडतायत. लोकांना हॉटेलं नकोत, विमानं नकोत. हीच वेळ आहे विकायची.”

“अर्धी गाडी आक्कांची आहे.”

“आत्या आता कुठे बसणार आहे त्या गाडीत? तूच सांग.”

बाईंनी फोन ठेवला. मुलगा चुकीचं बोलला असता तर त्यांना राग आला नसता.

कारण आक्कांचा सूर बदलत चालला होता. शुश्रूषागृहात माणसं कमी पडत होती. चालायला शिकवणारी मुलगी आजारी पडली, तिच्या जागी कुणी आलं नाही. ज्याने त्याने आपापल्या खोलीत राहायचं, जेवणाचं ताट दारातून आत यायचं. “आज उठलात का?” असं बाई विचारायच्या आणि पलीकडून “उठून कुठे जायचंय?” असं यायचं. मग एके दिवशी ‘चालू केलीस?’ हा प्रश्नच आला नाही. बाईंनी वाट बघितली, शेवटी स्वतःच म्हणाल्या, “आक्का, मी गाडी हलवली हो.”

“बरं,” आक्का म्हणाल्या. मग म्हणाल्या, “विकून टाक ती. तुझ्या मुलाने मलाही फोन केला होता. बरोबर बोलतोय तो.”

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. मुलावर, शुश्रूषागृहावर, साथीवर आणि सगळ्यात जास्त आक्कांवर. जन्मभर या बाईने कुणाचं ऐकलं नाही आणि आता ऐकायला लागली तर हे.

त्यांनी शुश्रूषागृहाच्या मेट्रनला फोन लावला. मेट्रन थकलेल्या आवाजात पण सरळ बोलल्या. घरच्यांनी जबाबदारी घेतली तर पेशंटला नेता येईल. तपासणी करून सोडू. पण एकदा बाहेर गेल्या की ही बंदी उठेपर्यंत परत घेता येणार नाही.

“तुमच्या घरी लिफ्ट आहे?” मेट्रननी विचारलं.

“नाही. तिसरा मजला.”

“आणि त्यांच्या घरी?”

“ज्या पायऱ्यांवरून पडल्या त्याच.”

“मग कशा नेणार?”

“ते माझ्यावर सोडा,” बाई म्हणाल्या. तोवर त्यांनी ठरवलं होतं.

हत्तीणीची पायरी उंच होती. माळ्यावरच्या जुन्या कपाटाच्या फळ्या काढून त्यांनी जमीन आणि तिच्या मध्ये घालायला दोन रुंद पायऱ्या ठोकल्या, खाली रबर चिकटवलं. आता आत हाताला आधार हवा होता, दारापाशी एक, पलंगापाशी एक, संडासात एक. स्टीलचे बार मिळाले, पण भिंतीला लावायचे कसे? ड्रिल हातात धरून त्या भिंतीकडे बघत राहिल्या आणि मग ज्या एका माणसाला विचारता येण्यासारखं होतं, त्यालाच विचारलं.

“आक्का, गाडीच्या भिंतीला एक बार लावायचाय. सरळ स्क्रू मारू का?”

पलीकडे जरा हालचाल झाली. “सरळ मारू नकोस. पत्रा पातळ आहे, स्क्रू उपटून हातात येईल. मागे लाकडाची पट्टी दे. आरपार बोल्ट घे आणि मोठा वॉशर टाक. कशाला हवाय बार?”

“टांगायला.”

“काय टांगणार?”

“पिशवी.”

“पिशवीला एवढा बार कशाला? वजन किती येणार त्याच्यावर?”

“भरलेली पिशवी आहे.”

“अगं पण किती भरलेली? आकडा सांग. त्याच्यावर बोल्टचं माप ठरतं.”

बाईंनी हातातला बार ओट्यावर ठेवला. “साधारण तुमच्याएवढी,” त्या म्हणाल्या.

पलीकडून पलंग करकरल्याचा आवाज आला.

“माझ्याएवढी असेल तर एक पट्टी पुरायची नाही,” त्या म्हणाल्या. “दोन दे. आणि बार कमरेच्या उंचीला लाव, खांद्याच्या नाही. तुझ्या कमरेच्या नाही, माझ्या.”

त्या दिवसापासून आक्का पलंगाच्या कडेला बसू लागल्या. मग कठडा धरून उभ्या राहू लागल्या. कुणी शिकवायला नव्हतं, त्यांनी स्वतःच स्वतःला दम दिला.

निघायच्या दिवशी बाईंनी दोन्ही टाक्या बघितल्या, टायरांना हवा भरली, गॅस बंद केला, भांडी फडक्यात गुंडाळली. सेक्रेटरींनी फाटक उघडलं, गाडी एकदाची जातेय याचा आनंद त्यांना मास्कमधूनही लपवता आला नाही. रस्ते इतके मोकळे की शाळेच्या बसच्या दिवसांत असे मिळाले असते तर बाईंनी काय केलं नसतं. पुलाच्या तोंडाशी मात्र लोखंडी अडथळे लावले होते. हवालदाराने काठीने थांबायची खूण केली.

“कुठे निघालात? घरात राहायचा नियम आहे, माहीत नाही?”

“मी घरातच आहे,” बाई म्हणाल्या.

“चेष्टा करता?” हवालदार म्हणाला.

“चेष्टा नाही करत. दार उघडते, लांबूनच बघा. तो ओटा, तो पलंग, तो संडास. माझी नणंद शुश्रूषागृहात अडकलीय, तिला या घरात आणायला चाललेय. घर तिच्याकडे नेतेय म्हणा.”

त्यांनी दार उघडलं. हवालदाराने चार हात लांबून आत डोकावलं. मेट्रनचा निरोप फोनवर होता, तोही वाचला. पण बघत होता तो पलंगाशेजारच्या बारकडे.

“हे तुम्ही लावलंत?”

“हो.”

“माझ्या वडलांना बाथरूममध्ये असंच काहीतरी लावायचंय. भिंतीत धरत नाही.”

“मागे पट्टी द्या. आरपार बोल्ट,” बाईंनी सांगितलं. हवालदाराने अडथळा बाजूला ओढला.

शुश्रूषागृहाच्या फाटकाशी मेट्रन पांढऱ्या प्लास्टिकच्या पोशाखात उभ्या होत्या, फक्त डोळे दिसत होते. चाकाच्या खुर्चीतून आक्का आल्या. ब्लाउजच्या बाह्यांतून हात काड्यांसारखे निघाले होते, केस कुणीतरी वाटेल तसे कापले होते. आक्कांनी भावजयीकडे पाहिलं नाही. आधी चारी टायर पाहिले.

“मागच्याला हवा कमी आहे,” त्या म्हणाल्या.

“बघते.”

मदतनीस उचलायला पुढे झाला. आक्कांनी हात वर केला. “हात लावू नका. मी चढते.”

पहिली पायरी चढल्या. दुसरीवर पाय उचलेना. बार धरून त्यांनी दोनदा प्रयत्न केला. वरच्या खिडक्यांत एकेक चेहरा गोळा झाला होता, त्यांच्यासारखेच आत कोंडलेले सगळे. बाईंना वाटलं, पुढे होऊन धरावं. पण त्या जागच्या हलल्या नाहीत. धरलं असतं तर आक्कांनी जन्मभर माफ केलं नसतं.

आक्का वळल्या आणि सरळ पायरीवर बसल्या. मग दोन्ही हात मागे टेकून एक पायरी पाठमोऱ्या वर सरकल्या, लहान मूल जिन्यावरून चढतं तशा. मग आणखी एक.

“लोक बघतायत हो,” मेट्रन हळूच म्हणाल्या.

“बघू दे,” आक्का म्हणाल्या. “त्यांनाही कधीतरी उपयोगी पडेल.”

आत पोचल्यावर बार धरून त्या उभ्या राहिल्या आणि पलंगावर बसल्या. वरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आक्कांनी दार ओढून घ्यायला सांगितलं. आणि मग, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, त्या भावजयीकडे बघून म्हणाल्या, “हा बार तिरका लावलायस.”

“उतरा मग,” बाई म्हणाल्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन त्यांनी डोळे पुसले.

परत आल्या तर सोसायटीच्या फाटकाला कुलूप. आतल्या बाजूला सेक्रेटरी.

“तुम्ही सांगितलं नव्हतंत की पेशंट आणणार आहात. तिथे साथ पोचलीय असं ऐकलंय. आत घेता येणार नाही.”

“तपासणी करून सोडलंय. आणि आम्ही बिल्डिंगीत पाऊलच टाकणार नाही. आमचा संडास आमचा, ओटा आमचा.”

“बाई, माझ्या घरातला माणूस गेलाय.” त्यांनी कुलूप मुठीत धरलं. “मी कुलूप काढणार नाही.”

बाईंच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. ते त्यांनी गिळलं. “तुम्ही घाबरलात याला मी नावं ठेवत नाही,” त्या म्हणाल्या. “पण माझी नणंद रस्त्यावर आली म्हणून ती केविलवाणी होईल असं समजू नका. ती रस्त्यावर राहील आणि ऐटीत राहील.”

गल्ली सरकारी होती, कुणाच्या बापाची नव्हती. हत्तीण सोसायटीच्या भिंतीला लागून, झाडाखाली उभी राहिली. बाईंनी चाकांना दगड लावले, खिडक्या उघडल्या आणि दोन कप चहा केला. संध्याकाळपर्यंत पडदे धुऊन आरशांना बांधलेल्या दोरीवर वाळत पडले होते.

सोपं नव्हतं. रात्री आक्कांना तीनदा उठावं लागे आणि त्या हाक मारत नसत, म्हणून बाई झोपेतही कान टवकारून असत. मैल्याचा डबा रोज भरे. गल्लीच्या टोकाला सार्वजनिक संडास होता, तिथे तो रिकामा करावा लागे. पहिल्या दिवशी बाई अंधारात जायला निघाल्या, मग थांबल्या आणि मुद्दाम उजाडल्यावर गेल्या. बाल्कन्यांतून लोक बघत होते. बाई मान ताठ ठेवून, सांडणार नाही इतक्या बेताने, गल्लीच्या मधोमध चालत गेल्या आणि तशाच परत आल्या. परत आल्यावर शाळेच्या बसमधल्या मुलांना म्हणायच्या तसं बाल्कन्यांना मोठ्याने “गुड मॉर्निंग” म्हणाल्या. दोघातिघांनी उत्तर दिलं.

पिण्याचं पाणी संपत आलं त्या सकाळी भिंतीवरून हिरवा पाइप खाली आला. पलीकडे सेक्रेटरी, चांगले लांब उभे.

“टाकी भरून घ्या,” ते म्हणाले. “अकरा वाजता बंद होतं.”

“पाइप धुतलाय का?” आतून आक्कांनी विचारलं.

“दोनदा,” सेक्रेटरी म्हणाले.

आक्का चालू लागल्या त्या हत्तीणीला धरून. दारापासून पुढच्या चाकापर्यंत आधी. मग मागच्या चाकापर्यंत. पत्र्यावर हाताचा ठसा उमटायचा आणि तो पुसत बाई मागून चालायच्या, बडबडत, की आत्ताच धुतली होती. खुबा दुखायचा तेव्हा आक्का डेपोतल्या जुन्या शिव्या काढायच्या, गल्लीने त्या प्रथमच ऐकल्या. कुबडी पुढे कायमचीच राहिली. गाडीखाली शिरणं बंद झालं ते झालंच. पहिल्यांदा बाईंनी पाठीवर झोपून गाडीखाली अंग सरकवलं तेव्हा आक्का खुर्ची टाकून बाजूला बसल्या आणि बॅटरीचा झोत मारून म्हणाल्या, “डावीकडचा नट. डावीकडचा. तुझा डावा हात कुठला ते आठव आधी.” बाई तेलाने माखून बाहेर आल्या तेव्हा आक्का रडत होत्या. बाईंनी हात पुसायला फडकं घेतलं, तेच त्यांच्यापुढे केलं. आक्कांच्या गालाला ग्रीस लागलं.

दुसऱ्यांदा तपासणी झाली. दोघी ठणठणीत निघाल्या. त्याच दिवशी सेक्रेटरी फाटकाबाहेर आले, एकच मास्क लावून.

“कमिटीने ठरवलंय. गाडी आत घ्यायला हरकत नाही. नोटीसही मागे घेतलीय.”

आक्का कुबडीवर रेलून उभ्या होत्या. त्यांनी आवाराकडे नजर टाकली, उखडलेल्या फरश्या, मध्येच आलेला नळ.

“आत चालायला जागा कुठे आहे?” त्या म्हणाल्या. “इथे गल्ली सपाट आहे. आम्ही इथेच बरे.”

“अहो, पण कमिटीने...”

“कमिटीला सांगा, आम्हाला नको.”

सेक्रेटरी गोंधळून बाईंकडे वळले. बाई दोरीवरचे कपडे काढत होत्या. “अर्धी गाडी त्यांची आहे,” त्या म्हणाल्या. “मी एकटी काय सांगणार?”

मुलाचा फोन आला. एक गिऱ्हाईक तयार होतं, हातोहात व्यवहार करायला. बाईंनी फोन आक्कांकडे दिला. आक्कांनी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मध्ये दोनदा “हो का” म्हणाल्या. मग म्हणाल्या, “बाळा, गाडी बघायला ये कधीतरी. बाहेरून बघ. आत आता जागा नाही, आम्ही दोघी राहतो.”

रस्ते उघडले त्या आठवड्यात दोघींनी भिंतीलगतचे दगड काढले. कुठे जायचं यावर सकाळपासून वाद चालला होता. आक्कांना समुद्र नको होता, मिठाच्या हवेने पत्रा गंजतो म्हणून. बाईंना डोंगर नको होते, चढावर गाडी तापते आणि शेजारी बसलेलं माणूस गिअरवरून बोलत राहतं म्हणून. गल्लीच्या तोंडाशी बाईंनी ब्रेक दाबला. एकीकडे समुद्राचा रस्ता, दुसरीकडे डोंगराचा, मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

“वाजवू दे,” आक्का म्हणाल्या. “आधी नीट ठरव.”